सभासदाचे पत्र : आवाज आणि हिशेब
सभासद-शिक्षण सदर



या सदरात आजवर आपण उसाची नोंद, खोडव्याची निगा, ताळेबंद कसा वाचावा असे धडे घेतले. या वेळचा विषय जरा निराळा आहे. तुमच्या हातात आत्ता जे चार कागद आहेत त्यांचाच, म्हणजे पत्रिकेचाच, अभ्यास आज आपण करणार आहोत.

निमित्त असे घडले. मागे एका हंगामात वजनकाट्यापाशी बंड्यांची रांग लागली होती. रांगेतल्या एका जुन्या सभासदाला आम्ही ताजा अंक दिला. त्याने तो चाळला, घडी करून धुऱ्याखाली खोचला आणि म्हणाला, "पत्रिकेत आपलं काय राह्यते, भाऊ? फोटोच त राह्यतात." आजूबाजूचे हसले, आम्हीही हसलो. पण घरी गेल्यावर तो प्रश्न काही डोक्यातून जाईना. सभासदाच्या पत्रात सभासदाचे काय असावे? आपल्याआधी कष्टकऱ्यांनी स्वतःची पत्रे काढली, तेव्हा त्यांनी त्यात काय छापले? त्याचा शोध घेता घेता दोन जुन्या पत्रांपाशी येऊन आम्ही थांबलो. एक दूर अमेरिकेतल्या सुतारांचे आणि दुसरे आपल्या मराठी मुलखातले. दोन्ही एकाच काळातली. त्यांच्यात जे साम्य आहे आणि जो फरक आहे, त्यातच आपला धडा आहे.

१. सुतारांचे पत्र

सुताराला आपल्याकडे वाढई म्हणतात. वखर, तिफण, डवरा, बंडी, घराची चौकट, पाळणा आणि शेवटी तिरडीचे बांबूसुद्धा, सगळ्याला गावाला वाढई लागायचा. लोखंडी अवजारे आली, ट्रॅक्टर आले आणि वाढयाचे काम हळूहळू सुटत गेले, हे आपल्यातल्या वयस्कांनी डोळ्यांनी पाहिले आहे.

अमेरिकेतल्या सुतारांवर ही पाळी एकोणिसाव्या शतकातच आली. रंधा मारण्याची, करवतीची यंत्रे निघाली. दारे, खिडक्या, चौकटी कारखान्यात तयार होऊ लागल्या. पूर्वी एकच कारागीर झाड निवडण्यापासून दार बसवण्यापर्यंत सगळे करी. आता ठेकेदार कामाचे तुकडे पाडू लागले. एकाने नुसती दारे बसवायची, दुसऱ्याने नुसती फरशीची फळी ठोकायची. अर्धवट शिकलेला माणूस कमी मजुरीत मिळे, त्यामुळे शिकलेल्या कारागिराचा भाव पडला. एका शहरातल्या सुतारांनी मजुरी वाढवून मागितली, की ठेकेदार दुसऱ्या शहरातून सुतार आणत. तिकडच्यांना इकडे काय चालले आहे याचा पत्ताच नसे.

पीटर जे. मॅक्ग्वायर नावाच्या एका सुताराने ही गोष्ट नेमकी हेरली. सुतार एकमेकांशी भांडत नाहीत, त्यांना एकमेकांची खबर नाही, हे दुखणे आहे असे त्याने ओळखले. म्हणून त्याने १८८१ च्या मे महिन्यात सेंट लुईस या शहरातून 'द कार्पेंटर', म्हणजे 'सुतार' याच नावाचे पत्र सुरू केले. लक्षात घ्या, तेव्हा सुतारांची देशव्यापी संघटना अजून जन्मलेलीच नव्हती. आधी पत्र निघाले. त्या पत्रातून गावोगावच्या सुतारांना हाक गेली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये शिकागो येथे ११ शहरांतून ३६ प्रतिनिधी जमले आणि सुमारे दोन हजार सभासदांची संघटना उभी राहिली. मॅक्ग्वायर तिचा सचिव झाला आणि 'द कार्पेंटर' हे तिचे मुखपत्र झाले.

आपल्याकडे आधी कारखाना उभा राहतो आणि मग पत्रिका निघते. त्यांच्याकडे आधी पत्रिका निघाली आणि तिच्या पोटी संघटना जन्मली. म्हणूनच की काय, त्या सुतारांनी आपल्या पत्राला कधी शोभेची वस्तू समजले नाही.

२. त्या पत्रात काय असे?

त्या काळचे 'द कार्पेंटर'चे अंक म्हणजे बारीक टाइपात गच्च भरलेली पाने. मजकूर इंग्रजीत तर असेच, पण जर्मनीहून आलेले सुतार पुष्कळ होते म्हणून काही मजकूर जर्मन भाषेतही देत. ज्याला जी भाषा कळते त्या भाषेत त्याला सांगितले पाहिजे, हा त्यामागचा विचार.

आता मजकुराचे प्रकार पाहू. पहिला प्रकार म्हणजे कामाची खबर. कोणत्या शहरात बांधकाम मंदावले आहे, कोठे संप आहे, कोठे ठेकेदारांनी कामे बंद ठेवली आहेत, त्या शहरांची यादी देऊन सुतारांनी तिकडे जाऊ नये असे स्पष्ट सांगितलेले असे. कोणाचेही नाव न घेता दिलेली ही दोन ओळींची सूचना शेकडो मैलांवरच्या संपाला बळ देई.

दुसरा प्रकार धंद्याच्या शिक्षणाचा. जिना कसा आखावा, छपराचा सांगाडा कसा बसवावा, याचे धडे. ठेकेदार कारागिराला अर्धवट ठेवू पाहत होता, पत्र त्याला पुरता करू पाहत होते.

तिसरा प्रकार पत्रांचा. गावोगावच्या शाखांची पत्रे येत. आमच्याकडे किती तास काम घेतात, किती मजुरी मिळते, कोणती अडचण आहे, याबद्दल सुतार स्वतः लिहीत.

आणि चौथा प्रकार हिशेबाचा. आम्हाला सगळ्यात महत्त्वाचा वाटला तो हाच. कोणत्या शाखेकडून किती वर्गणी आली, ते शाखेच्या क्रमांकासह छापून येई. मरण पावलेल्या किंवा कामावर अपंग झालेल्या सभासदाच्या घरी किती मदत गेली, त्याची यादी येई. म्हणजे लहानशा गावातल्या शाखेच्या सुताराने आपल्या खजिनदाराकडे पैसे दिले, तर ते वर पोचले की नाही हे तो कोणाला न विचारता, संध्याकाळी दिव्यापाशी बसून ताडून पाहू शकत असे. छापील अंक हीच त्याची पावती.

नीट विचार करा. सभासदाचा विश्वास भाषणाने बसत नाही. आपण दिलेला पैसा आपल्याच डोळ्यांनी छापलेला दिसला, की तो आपोआप बसतो.

३. आपल्याकडचे 'दीनबंधू'

आता आपल्या मुलखाकडे वळू. आपल्याकडे सुतारांचे असे वेगळे पत्र नव्हते. पण कष्टकऱ्यांचे पत्र होते, आणि ते 'द कार्पेंटर'हूनही चार वर्षे आधी निघाले होते. त्याचे नाव 'दीनबंधू'.

महात्मा जोतीराव फुले यांचे सहकारी कृष्णराव पांडुरंग भालेकर यांनी १ जानेवारी १८७७ रोजी पुण्यात 'दीनबंधू' सुरू केले. शेतकरी, कारागीर, मजूर यांच्या बाजूने बोलणारे पत्र. पण वर्गणीदार पुरेसे मिळेनात आणि पैशाअभावी ते पुण्यात बंद पडले. मग नारायण मेघाजी लोखंडे पुढे आले. मूळ गाव पुणे जिल्ह्यातले कन्हेरसर, जन्म ठाण्याचा, नोकरी मुंबईच्या एका कापड गिरणीत भांडारपालाची. गिरणीत काय चालते हे त्यांनी आतून पाहिलेले. १८८० साली त्यांनी 'दीनबंधू' मुंबईहून पुन्हा सुरू केले. या कामी मुंबईतल्या तेलुगू भाषक सत्यशोधक कंत्राटदारांनी त्यांना हात दिला. म्हणजे मराठी कष्टकऱ्यांचे हे पत्र जगले ते तेलुगू माणसांच्या मदतीने, हेही ध्यानात ठेवण्यासारखे आहे. १८८० पासून १८९७ पर्यंत, मरेपर्यंत, लोखंड्यांनी ते चालवले.

त्या काळी गिरणीत दिवस उजाडल्यापासून मावळेपर्यंत काम. उन्हाळ्यात दिवस मोठा, म्हणून कामही मोठे. आठवड्याची सुट्टी नाही. दुपारी धड जेवायला वेळ नाही. पगार कधी होईल याचा नेम नाही. लोखंड्यांनी १८८४ साली 'मुंबई गिरणी कामगार संघा'ची स्थापना केली. येथेही तीच गोष्ट. आधी पत्र, मग संघ.

२३ सप्टेंबर १८८४ रोजी परळला कामगारांची सभा झाली. मागण्यांचा अर्ज तयार झाला आणि त्यावर सुमारे ५,५०० कामगारांच्या सह्या झाल्या. तो अर्ज सरकारने नेमलेल्या कारखाना आयोगापुढे ठेवण्यात आला. मागण्या पाच होत्या :

रविवारी सुट्टी असावी.
दुपारी अर्धा तास विश्रांती मिळावी.
काम सकाळी साडेसहाला सुरू होऊन सूर्यास्ताला संपावे.
मागील महिन्याचा पगार पुढील महिन्याच्या १५ तारखेच्या आत मिळावा.
कामावर अपघात झाल्यास भरपाई मिळावी आणि माणूस कायमचा अपंग झाल्यास त्याच्या पोटाची सोय व्हावी.

सभासद बंधूंनो, यातली चौथी मागणी पुन्हा वाचा. पंधरा तारखेच्या आत पगार! नफ्यात वाटा नाही मागितला, जास्तीचे काही नाही मागितले. केलेल्या कामाचे पैसे ठरल्या दिवशी द्या, एवढेच मागितले. ऊस घालून पैशाची वाट पाहिलेल्या माणसाला ही मागणी समजावून सांगावी लागत नाही. आज ऊस नियंत्रण आदेश १९६६ प्रमाणे ऊस पोचल्यापासून १४ दिवसांच्या आत त्याचे पैसे देणे बंधनकारक आहे आणि उशीर झाल्यास १५ टक्के दराने व्याज द्यावे लागते. कायद्याच्या पुस्तकात ही १४ दिवसांची ओळ आपोआप उगवलेली नाही. तिच्यामागे 'मुदतीत पैसे द्या' म्हणणाऱ्यांची शंभरावर वर्षांची रांग आहे, आणि त्या रांगेत ते ५,५०० सह्यावाले उभे आहेत.

पाठपुरावा सहा वर्षे चालला. २४ एप्रिल १८९० रोजी मुंबईत महालक्ष्मीच्या मैदानावर सुमारे दहा हजार कामगारांची सभा झाली. त्या सभेत दोन कामगार स्त्रियाही उभ्या राहून बोलल्या. १८९० साली, दहा हजारांपुढे! १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली आणि पुढच्याच वर्षीच्या कारखाना कायद्यात आठवड्याच्या सुट्टीला जागा मिळाली. योगायोग पाहा, त्याच १८९० साली अमेरिकेत आठ तासांच्या दिवसाच्या लढ्याचे पुढारपण सुतारांच्या संघटनेकडे देण्यात आले होते. दोन टोकांना दोन पत्रे, आणि दोन्हींचा विषय कष्टकऱ्याच्या वेळेची किंमत.

४. न छापलेली प्रकरणे

आता जरा कडू गोष्ट. जोतीराव फुले यांचा 'शेतकऱ्याचा असूड' हा ग्रंथ १८८३ सालचा. शेतकऱ्याच्या दुःस्थितीचा इतका परखड झाडा दुसऱ्या कोणी मांडला नव्हता. त्याची पहिली दोन प्रकरणे 'दीनबंधू'त छापून आली. पुढची आली नाहीत. मजकूर सरकारवर आणि नोकरशाहीवर फार कडक होता, लोखंडे कचरले. जोतीरावांना या गोष्टीचा राग आला आणि तो त्यांनी लपवलाही नाही.

लोखंड्यांना दोष देण्यासाठी आम्ही हे लिहीत नाही. छापखाना जप्त झाला असता तर पत्रच बुडाले असते, ही भीती खोटी नव्हती. पण यातून एक गोष्ट शिकावी. पत्र आपल्याच माणसाचे असले, माणूस कितीही निष्ठावान असला, तरी एखादा दिवस असा येतो की जे छापायला हवे ते छापायला हात कचरतो. परक्यांचे पत्र आपले म्हणणे छापत नाही यात नवल काय? खरी परीक्षा आपल्या पत्राची असते.

लोखंडे ९ फेब्रुवारी १८९७ रोजी प्लेगच्या साथीत, रोग्यांची सेवा करता करता गेले. पुढे 'दीनबंधू' वासुदेवराव बिर्जे यांनी सांभाळले आणि त्यांच्या पश्चात त्यांच्या पत्नी तानुबाई बिर्जे यांनी संपादकाची खुर्ची घेतली. स्त्रीने वर्तमानपत्र चालवावे, हे तेव्हा स्वप्नातही नसलेले काम त्यांनी केले. आपल्याकडे सातबारा आणि भाग स्वतःच्या नावावर असलेल्या भगिनींची पत्रे पत्रिकेकडे फार कमी येतात. त्यांनी तानुबाईंची आठवण ठेवावी.

५. एकाला आवाज होता, दुसऱ्याला वही होती

आता दोन्ही पत्रे शेजारी शेजारी ठेवून पाहू.

लोखंड्यांच्या पत्राला आवाज होता. त्या आवाजाने रविवार मिळवला. पण त्यांच्या संघाला सभासदांची नोंदवही नव्हती, ठरलेली वर्गणी नव्हती, नियमावली नव्हती, निधी नव्हता. अभ्यासकांनी हे नमूद करून ठेवले आहे. सगळा भार एका माणसावर. तो माणूस गेला आणि संघही विरला. पत्र काही काळ राहिले, पण संघाचा धागा तुटला.

सुतारांकडे नोंदवही होती. वर्गणी होती, शाखा होत्या, महिन्याचा हिशेब होता. त्या हिशेबाची कसोटी कशी लागली तेही ऐका. वीस वर्षे ज्याने संघटना आणि पत्र सांभाळले त्या मॅक्ग्वायरच्याच हिशेबात १९०१ साली तूट निघाली. तो तेव्हा आजारी होता, थकला होता. मागची सेवा मोठी होती. तरीही त्याला पदावरून दूर करण्यात आले आणि १९०२ च्या अधिवेशनात संघटनेतूनही काढण्यात आले. संस्थापकाची ही अखेर वाचून वाईट वाटते. पण संघटना मोडली नाही, कारण ती माणसावर उभी नव्हती, वहीवर उभी होती.

एवढाच या धड्याचा गाभा. सभासदाच्या पत्राला दोन पाय असतात. एक पाय आवाजाचा, दुसरा हिशेबाचा. आवाज असून हिशेब नसला, तर माणूस गेला की सगळे गेले. हिशेब असून आवाज नसला, तर पत्र म्हणजे नुसती नोटीस. आणि दोन्ही नसतील, तर मग उरतात फोटो.

६. मालकाचे पत्र आणि सभासदाचे पत्र

येथे कोणी म्हणेल, कारखान्याची पत्रिका कामगारांच्या पत्रासारखी कशी असेल? रास्त शंका आहे. पत्रांचे प्रकार समजून घेतले म्हणजे उत्तर सापडते.

१९२० साली किर्लोस्करवाडीहून 'किर्लोस्कर खबर' निघू लागली. लाकडी नांगराच्या जागी लोखंडी नांगर देणाऱ्या कारखान्याचे ते पत्र. सुरुवातीला आपला माल, त्याचा वापर, गिऱ्हाइकांशी संबंध यांसाठी ते काढले गेले आणि पुढे त्याचे नावाजलेले मासिक झाले. काम चांगलेच होते. पण ते मालकाने गिऱ्हाइकासाठी काढलेले पत्र होते. गिऱ्हाइकाला नांगर पसंत नसला तर तो दुसरा घेईल. कारखान्याचा ताळेबंद मागण्याचा त्याला अधिकार नाही.

१९१० साली भालेकरांचेच पुत्र मुकुंदराव पाटील यांनी नेवासे तालुक्यातल्या खेड्यातून 'दीनमित्र' काढायला सुरुवात केली. खेड्यात बसून, खेड्यातल्या शेतकऱ्यांसाठी. आणि ते १९६७ पर्यंत चालले. पत्र काढायला शहरच लागते हा समज त्यांनी मोडला. तो वाचकाचा आवाज होता.

सहकारी कारखान्याची पत्रिका या दोन्हींहून वेगळी आहे. येथे वाचक हा गिऱ्हाईक नाही, तो मालक आहे. १९५०-५१ च्या हंगामात प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी महाराष्ट्रातला पहिला सहकारी साखर कारखाना चालवून दाखवला, तेव्हा नवल यंत्रांचे नव्हते. यंत्रे तर खासगी कारखान्यांकडेही होती. नवल हे होते की ऊस घालणारा आणि कारखान्याचा धनी एकच. त्यामुळे अशा कारखान्याची पत्रिका ही धन्याला दिलेला जबाब आहे. जबाबात हार-तुरे नसतात, आकडे असतात.

७. पत्रिका कशी वाचावी?

मग सभासदाने काय करावे? अंक हातात आला की पुढील क्रमाने वाचावा.

पहिल्यांदा दर आणि तारीख पाहावी. आपल्या उसाचा जाहीर झालेला दर किती, तोडणी-वाहतूक वजा जाता हातात किती, आणि पैसे बँकेत कोणत्या तारखेला जमा झाले. आपल्या वजनाच्या पावतीवरची तारीख आणि जमा तारीख यांच्यामध्ये किती दिवस गेले, ते मोजावे. चौदाचा आकडा डोक्यात ठेवावा.

दुसऱ्यांदा कपाती पाहाव्यात. सोसायटीच्या कर्जाची वसुली, ठेवी, निधी, जे जे बिलातून कापले त्याचे नाव आणि टनामागचा आकडा. ठेव असेल तर परतीची की बिनपरतीची, आणि कोणत्या सभेच्या ठरावाने कापली. ठरावाचा क्रमांक विचारणे म्हणजे भांडण नव्हे.

तिसऱ्यांदा उतारा पाहावा. उताऱ्यावरच दर अवलंबून असतो, म्हणून हा आकडा साखरेचा नसून आपल्या बिलाचा आहे असे समजावे. मागील वर्षाचा अंक शेजारी ठेवावा. आकडा घसरला असेल तर कारण विचारावे : ऊस शिळा पोचला, की वाण बदलला, की यंत्रात काही झाले?

चौथ्यांदा सभेची नोटीस. आर्थिक वर्ष संपल्यापासून सहा महिन्यांच्या आत वार्षिक साधारण सभा झाली पाहिजे, असा नियम आहे. विषयपत्रिका वाचून एक तरी प्रश्न लिहून न्यावा. सभेत उभे राहून बोलणे जमत नसेल तर लेखी द्यावा.

आणि जे पत्रिकेत नाही ते कार्यालयात जाऊन पाहावे. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० च्या कलम ३२ प्रमाणे उपविधी, लेखापरीक्षण झालेला शेवटचा ताळेबंद, नफा-तोटा पत्रक, सभासदांची नोंदवही, सभांची इतिवृत्ते आणि आपल्या स्वतःच्या व्यवहाराच्या नोंदी कार्यालयीन वेळेत विनामूल्य पाहण्याचा प्रत्येक सभासदाला हक्क आहे. फी भरून नकलाही मिळतात. हा हक्क वर्षानुवर्षे वापरला नाही, तर असूनही नसल्यासारखा होतो. आपल्याकडचा लाकडी नांगर आठवा. कोणी मोडला नाही, नुसता गोठ्यात पडून वाळवीने खाल्ला.

सहकाराची अवस्था सगळीकडे सारखी नाही हे आपण जाणतोच. विदर्भात सहकारी कारखाने बंद पडले, विकले गेले, चाकावर धूळ बसली. वाशीमसारख्या जिल्ह्यात तर सोयाबीन-तुरीच्या मुलखात पैनगंगेच्या काठाने आणि विहिरीच्या पाण्यावर ऊस जगवायचा असतो. पाऊस कमी झाला की ऊस कमी, ऊस कमी झाला की चाक अडते. हे खरेच आहे. पण पाण्याअभावी अडलेले चाक पुढच्या पावसात फिरते. सभासदाने विचारणे सोडल्यामुळे अडलेले चाक फिरवणे फार अवघड असते.

८. आमचाही एक हिशेब

दुसऱ्यांना धडे देताना आपली वहीही उघडली पाहिजे. काही वर्षांपूर्वी एका सभासदाचे पोस्टकार्ड पत्रिकेकडे आले होते. बिलातली एक कपात कशाची, एवढाच प्रश्न. भाषा साधी, राग नाही, शिवी नाही. आम्ही ते 'जागेअभावी' पुढच्या अंकासाठी ठेवले. पुढच्या अंकात एका उद्घाटनाची चार छायाचित्रे आली आणि पत्र पुन्हा राहिले. नंतर ते कागदांत गेले ते गेलेच. आम्हाला कोणी छापू नका म्हटले नव्हते. आम्हीच उगाच कचरलो. लोखंड्यांना निदान सरकारची भीती होती. आम्हाला कशाची होती, ते आज आम्हालाच सांगता येत नाही.

वजनकाट्यावरच्या त्या सभासदाचा प्रश्न मनाला का लागला, हे आता वाचकांच्या लक्षात आले असेल. म्हणून या अंकापासून शेवटचे पान सभासदांच्या पत्रांसाठी राखले आहे. त्या पानावर छायाचित्र येणार नाही. पत्र शंभर शब्दांच्या आत असावे, खाली नाव, गाव आणि सभासद क्रमांक असावा, आणि कोणाची निंदानालस्ती नसावी. लिहिता येत नसेल त्याने शाळेतल्या नातवाकडून लिहून घ्यावे, चालेल. प्रश्नासोबत संबंधित खात्याचे उत्तर छापू. उत्तर आले नाही तर 'उत्तर आले नाही' असे छापू. आणि हंगामात प्रत्येक अंकात दर, जमा तारीख व टनामागच्या कपाती यांचा तक्ता एकाच ठिकाणी, ठळक टाइपात देऊ. त्यात आम्ही चुकलो तर आमचेच कान धरा.

अंक वाचून झाला की भाकरी बांधायला घेऊ नका. हंगामाचे सगळे अंक दोऱ्याने ओवून खुंटीला लावा. निरोप आता मोबाइलवरही येतात, पण ते खाली सरकत जातात आणि दोन वर्षांनी हुडकू म्हटले तर सापडत नाहीत. शंभरावर वर्षांपूर्वीच्या सुतारांच्या वर्गणीचा हिशेब आज वाचायला मिळतो, तो कोणीतरी अंक जपून ठेवले म्हणून.

गटसभेत चर्चेसाठी प्रश्न

१) 'आधी पत्र, मग संघटना' हे सुतारांच्या आणि गिरणी कामगारांच्या बाबतीत कसे घडले?
२) १८८४ च्या पाच मागण्यांपैकी कोणती मागणी ऊस उत्पादकाला आजही लागू पडते? का?
३) लोखंडे गेल्यावर संघ का विरला, आणि मॅक्ग्वायरला काढल्यावरही सुतारांची संघटना का टिकली?
४) गिऱ्हाईक आणि सभासद यांच्या हक्कांत काय फरक आहे?
५) आपल्या मागील बिलातल्या प्रत्येक कपातीचे नाव आपल्याला सांगता येते काय? येत नसेल तर हाच आपल्या पहिल्या पत्राचा विषय समजावा.